जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रातलं ‘इज’ कसं वाचावं

मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रात ‘द शिप इज अरायव्ह्ड’ असं दिसलं की नवा वाचक दोनपैकी एक करतो. छपाईची चूक समजून पुढे जातो, नाहीतर ‘जहाज पोचवलं गेलं’ असा कर्मणी अर्थ लावून मोकळा होतो. दोन्ही चूक. वाक्य त्या काळच्या मापानं शुद्ध आहे आणि अर्थ सरळ आहे: जहाज आलं आहे. त्याच पानावर खाली ‘अ शिप इज बिल्डिंग’ असं असेल, तर ते जहाज काही बांधत नाहीये, ते जहाजच बांधलं जातंय.

‘बी’ हे क्रियापद आणि त्याची इज, आर, वॉज, वेअर ही रूपं आपण इंग्रजीच्या पहिल्या आठवड्यात शिकतो. त्यामुळे त्यांच्यासाठी कोणी शब्दकोश उघडत नाही. अवघड शब्द अडला तर आपण थांबतो, शोधतो. ‘इज’वर कोणी थांबत नाही, आणि चुकीचा अर्थ तिथूनच वहीत शिरतो. एखाद्याची दुकानातून हकालपट्टी झाली असं आपण लिहून ठेवतो, प्रत्यक्षात त्यानं दुकान दुसऱ्या गल्लीत हलवलेलं असतं.

घराण्याचा, गावाचा, बंदराचा, रेल्वेचा इतिहास शोधताना साधारण १७८० ते १८८० या काळातली इंग्रजी पत्रं पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. खाली दिलेली इंग्रजी वाक्यं त्या काळच्या धाटणीवर रचलेले नमुने आहेत. ती कुठल्या अंकातून उचललेली नाहीत, म्हणून शोधायला जाऊ नका. मात्र अशी वाक्यं अंकाअंकात भेटतील.

आधी अंक ओळखा

कलकत्त्यात हिकीचं ‘बेंगॉल गॅझेट’ २९ जानेवारी १७८०ला सुरू झालं. मुंबईत ‘बॉम्बे हेरल्ड’ १७८९, ‘बॉम्बे कुरिअर’ १७९० आणि ‘बॉम्बे गॅझेट’ १७९१ अशी रांग लागते. ‘बॉम्बे टाइम्स’ ३ नोव्हेंबर १८३८चं. १८६१ला त्याचं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालं. तुमच्या हातातला अंक या रांगेत कुठे बसतो ते आधी पाहा, कारण १७९५च्या ‘इज’कडून जी अपेक्षा ठेवायची ती १८७५च्या ‘इज’कडून ठेवायची नाही.

मग बातमी अंकात कुठे आहे ते बघा: जाहिरातीत, जहाजांच्या आवक-जावकीत, बाजारभावात, संपादकाच्या स्वतःच्या मजकुरात, की दुसऱ्या पत्रातून घेतलेल्या उताऱ्यात. हे पाच कप्पे वेगळे ठेवा. त्यातला उताऱ्यांचा कप्पा सगळ्यांत घातकी. विलायतेहून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला मुंबई गाठायला चारपाच महिने सहज लागत. मुंबईचं पत्र लंडनचा मजकूर जसाच्या तसा छापत असे, त्यातल्या ‘इज’सकट. म्हणजे जूनच्या मुंबईच्या अंकात ‘द फ्लीट इज रेडी’ असेल, तर ते आरमार सज्ज होतं जानेवारी-फेब्रुवारीत. मुंबईत ते वाचलं जाईपर्यंत लढाई होऊनही गेली असेल. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३०ला मुंबईहून सुएझकडे निघाली आणि महिन्याभराहून थोड्या जास्त काळात पोचली. त्या वाटेनं पुढे टपाल लवकर येऊ लागलं, १८७०ला समुद्रातली तार मुंबईला जोडली गेली, आणि हे अंतर दिवसांवर, मग तासांवर आलं. पण त्याआधीच्या प्रत्येक ‘इज’ला एकच प्रश्न विचारायचा: हे ‘आहे’ कोणाच्या आजचं?

‘इज’च्या पुढचा शब्द बघा

बोट ‘इज’वर ठेवा आणि पुढचा शब्द वाचा. मध्ये ‘नाउ’, ‘जस्ट’, ‘लेटली’, ‘सेफली’ असे शब्द असतील तर ते ओलांडून जा. पुढे तीन शक्यता असतात: भूतकाळी धातुसाधित (अरायव्ह्ड, गॉन, अपॉइंटेड), ‘इंग’ लागलेलं रूप (बिल्डिंग, प्रिंटिंग), किंवा ‘टु’. याखेरीज काही असेल, म्हणजे विशेषण किंवा नाम, तर ते आजच्यासारखंच वाचा. त्यात भानगड नाही.

‘इज अरायव्ह्ड’: आलं आहे

आजच्या इंग्रजीत ‘हॅज अरायव्ह्ड’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत जाणं-येणं, होणं-बदलणं अशा क्रियापदांना ‘हॅव’ऐवजी ‘बी’ लागत असे. अठराव्या शतकात हे अगदी रोजचं होतं. एकोणिसाव्यात ‘हॅव’नं हळूहळू जागा घेतली आणि शेवटी ‘इज गॉन’सारखे थोडे अवशेष उरले. मराठी माणसाला याची अडचण वाटायला नको. आपण ‘गाडी आली आहे’ म्हणतो, ‘मुलगा मोठा झाला आहे’ म्हणतो. या ‘इज’च्या जागी तोच ‘आहे’ ठेवा, वाक्य लगेच बसतं.

याचं बहुतेकांच्या कानावरून गेलेलं उदाहरण म्हणजे अणुबाँबवर काम केलेला शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यानं १९६५ साली कॅमेऱ्यासमोर सांगितलेली ओळ: ‘नाउ आय अ‍ॅम बिकम डेथ’. गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या ‘कालोऽस्मि’चा तो इंग्रजी अवतार. ‘आय हॅव बिकम’ का नाही, असं अनेकांना वाटतं. रूप जुनं आहे, इतकंच. मी मृत्यू झालो आहे.

या गटात वरचेवर भेटणारी क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: अराइव्ह, कम, गो, रिटर्न, सेल, डिपार्ट, एन्टर, फॉल, ग्रो, बिकम, एम्बार्क, लँड, मार्च, रिमूव्ह. यादी पाठ करण्यापेक्षा कसोटी लक्षात ठेवा. कर्ता आपल्या पायांनी हलला का, किंवा त्याची स्थिती बदलली का? तसं असेल आणि वाक्यात ‘बाय’ जोडून दुसरा करणारा दिला नसेल, तर ‘आहे’ लावून वाचा. ‘द ट्रूप्स आर मार्च्ट’ म्हणजे पलटणी कूच करून गेल्या आहेत.

जिथे हमखास पाय घसरतो त्या जागा अशा.

‘इज रिमूव्ह्ड’. जाहिरातीत ‘मिस्टर अमुक इज रिमूव्ह्ड फ्रॉम अमुक स्ट्रीट टु तमुक स्ट्रीट’ असं असलं तर त्यानं दुकान किंवा बिऱ्हाड हलवलं आहे. सरकारी नेमणुकांच्या यादीत ‘इज रिमूव्ह्ड फ्रॉम हिज ऑफिस’ असलं तर त्याला पदावरून काढलं आहे. शब्द तेच, कप्पा वेगळा. म्हणून आधी कप्पा ओळखा म्हटलं.

‘इज रिटर्न्ड’. पुढे ‘फ्रॉम’ असेल, किंवा ‘टु’ आणि गावाचं नाव असेल, तर माणूस परत आला आहे. पुढे ‘फॉर’ आणि मतदारसंघाचं नाव असेल तर तो पार्लमेंटवर निवडून आला आहे. कर्ता माणूस नसून पत्र असेल तर ते परत पाठवलेलं आहे. ‘रिटर्न्ड’च्या पुढचं शब्दयोगी बघितल्याशिवाय अर्थ लावू नका.

‘इज सिन्स डेड’. जखमींच्या यादीत नावापुढे हे येतं. जखमी झाला आणि नंतर मेला, असा अर्थ. मृत्यूची तारीख लढाईची नाही. घराण्याच्या वंशावळीत ही चूक सर्रास सापडते.

‘वॉज स्पोकन’ किंवा ‘वॉज स्पोक विथ’. जहाजांच्या बातम्यांत हे अक्षांश-रेखांशांसह येतं. भर दर्यात दुसऱ्या जहाजाशी गाठ पडली आणि बोलणं झालं. बंदरात पोचल्याची ही खबर नाही, त्या दिवशी जहाज तरंगत होतं एवढाच पुरावा. हरवलेल्या जहाजाचा माग काढताना मात्र ही नोंद सोन्याची, कारण तीच कित्येकदा शेवटची असते.

‘वॉज डिलिव्हर्ड ऑफ अ सन’ आणि ‘वॉज ब्रॉट टु बेड’ म्हणजे बाई बाळंत झाली. इथे कर्मणी रूप आईचं आहे. मुलगा कोणाच्या हवाली केला, असं लिहू नका.

आणखी एक. अठराव्या शतकातल्या मजकुरात ‘वॉज स्टोल’, ‘वॉज ब्रोक ओपन’, ‘वॉज ड्रोव्ह ऑन शोअर’ अशी रूपं दिसतील. आज तिथे स्टोलन, ब्रोकन, ड्रिव्हन हवं. त्या वेळी चालत असे. उतरवून घेताना दुरुस्त करू नका, तसंच ठेवा.

‘इज बिल्डिंग’: बांधकाम चालू आहे

नव्या वाचकाला सगळ्यात विचित्र वाटणारी आणि इतिहासाच्या कामी सगळ्यात उपयोगी पडणारी रचना हीच, म्हणून इथे जरा थांबू.

आज आपण ‘इज बीइंग बिल्ट’ म्हणतो. हे रूप अठराव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत पत्रव्यवहारात तुरळक दिसायला लागलं. त्याआधी ‘चालू असलेलं कर्मणी’ दाखवायला इंग्रजीत ‘इज बिल्डिंग’ हेच होतं. त्याचं मूळ ‘इन बिल्डिंग’ आणि ‘अ-बिल्डिंग’ या रूपांत दिसतं, म्हणजे बांधण्याच्या अवस्थेत. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये मंदिर सेहेचाळीस वर्षं ‘इन बिल्डिंग’ होतं असं वाक्य आहे. पुढे ‘इन’ आणि ‘अ’ झिजले, ‘बिल्डिंग’ उरलं. मराठीत भात शिजतो आणि पीठ मळून होतं. भात स्वतः चुलीपाशी बसत नाही, तरी ‘भात शिजतोय’ म्हणताना कोणी अडखळत नाही. हे ‘बिल्डिंग’ तसंच ऐका.

ओळखायची खूण अशी. कर्ता निर्जीव, क्रियापदाला मात्र माणसाचे हात लागणारं, आणि क्रियापदानंतर कर्म नाही. ‘अ न्यू रोड इज मेकिंग’: रस्ता केला जातोय. ‘द वर्क इज प्रिंटिंग’: पुस्तक छापलं जातंय. ‘प्रेपरेशन्स आर मेकिंग’: तयारी चालली आहे. उलट ‘द आर्मी इज कलेक्टिंग’मध्ये फौज आपण होऊन गोळा होते, तिला कोणी टोपलीत भरत नाही. आणि ‘द गव्हर्न्मेंट इज बिल्डिंग अ रोड’मध्ये पुढे कर्म आहे, म्हणून ते साधं कर्तरी, आजच्यासारखं.

मुंबईच्या गोदीच्या बातम्या वाचताना हे रूप पदोपदी लागतं. वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याच्या देखरेखीखाली इथे सागवानी लाकडाची लढाऊ जहाजं तयार होत: ‘मिन्डेन’ १८१०ला पाण्यात उतरलं, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ला, ‘ट्रिंकोमाली’ १८१७ला. शेवटचं अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पहिली दोन ७४ तोफांची. एवढं जहाज एका हंगामात होत नाही. त्यामुळे गोदीच्या नोंदीत एकाच जहाजाच्या चार पायऱ्या वेगवेगळ्या अंकांत सापडतात आणि चारही ‘इज’नंच सुरू होतात. ‘इज बिल्डिंग’: सांगाडा उभा राहतोय. ‘इज लाँच्ट’: पाण्यात उतरलं. ‘इज फिटिंग’ किंवा ‘इज फिटिंग आउट’: डोलकाठ्या, शिडं, तोफा चढताहेत. ‘इज सेल्ड’: निघून गेलं. या चार नोंदींच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या की जहाजाचा जन्म समोर उभा राहतो. यातलं ‘फिटिंग’ हे ‘योग्य’ या अर्थाचं विशेषण समजून सोडून दिलं, तर मधले कितीतरी महिने गायब होतात.

इमारतींचंही तसंच. मुंबईच्या टाउन हॉलचं काम १८२१ला सुरू झालं आणि १८३३ला संपलं. अशा रेंगाळलेल्या कामाबद्दल ‘हॅज बीन मेनी इयर्स बिल्डिंग’ असं लिहिण्याची पद्धत होती. कितीतरी वर्षं बांधकाम चाललं आहे. आकडा आणि त्याला लागून ‘बिल्डिंग’ दिसलं की तो मुदतीचा पुरावा आहे. तिथे ‘बिल्डिंग’चा अर्थ ‘इमारत’ घेऊन ‘अनेक वर्षं जुनी इमारत’ असं लिहिलं की बारा वर्षांचा हिशेब उलटा होतो. अजून पूर्ण न झालेल्या वास्तूला आपण जुनी ठरवतो.

बाजाराच्या कप्प्यात याचा भाऊ भेटतो: ‘डुइंग’. ‘नथिंग इज डुइंग इन कॉटन’ म्हणजे कापसात उलाढाल नाही. ‘अ गुड डील इज डुइंग’ म्हणजे सौदे बरे होताहेत. पुष्कळदा जागा वाचवायला ‘इज’ गाळून नुसतं ‘लिटल डुइंग’ छापलेलं असतं. ‘ओइंग’ म्हणजे देणं बाकी. ‘डेट्स ओइंग टु द इस्टेट’ ही मृताच्या इस्टेटीची येणी, देणी नव्हेत. दिशा ‘टु’ सांगतो. ‘वॉन्टिंग’ म्हणजे कमी असलेलं, न सापडलेलं. ‘टू मेन आर वॉन्टिंग’मध्ये दोन माणसांना काही हवं आहे असं नाही, दोन माणसं बेपत्ता आहेत.

‘इज बीइंग बिल्ट’ हे नवं रूप एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रांत शिरलं तेव्हा भाषेच्या जाणकारांनी त्याच्यावर बरीच टीका केली. अमेरिकेत टीकाकार रिचर्ड ग्रँट व्हाइट १८७०लाही त्याच्याशी भांडत होता. ‘इज’ आणि ‘बीइंग’ म्हणजे एकाच क्रियापदाची दोन रूपं शेजारी-शेजारी, हे त्या लोकांना ओंगळ वाटे. तरी शतक संपेपर्यंत नवं रूपच जिंकलं, कारण त्यात गोंधळ कमी होता. कामाची गोष्ट एवढी की मधली कित्येक वर्षं दोन्ही रूपं एकाच अंकात नांदतात. त्यामुळे निव्वळ ‘इज बिल्डिंग’ दिसलं म्हणून तारीख नसलेलं कात्रण १८०० सालाआधीचं ठरवू नका. कागद, टाइप, जाहिरातीतली नावं असे इतर पुरावे हवेतच.

‘इज टु’, ‘वॉज टु’, ‘टु बी’

‘इज टु’ म्हणजे ठरलं आहे किंवा हुकूम आहे. घडलं, असं नाही. ‘हिज एक्सलन्सी इज टु एम्बार्क ऑन मंडे’वरून साहेब सोमवारी जहाजावर चढले असं लिहायचं नाही, पुढचा अंक काढून बघायचं. ‘वॉज टु हॅव सेल्ड’ असेल तर आणखी सावध व्हा. जहाज निघायचं होतं, बहुधा निघालेलं नाही.

जाहिरातींच्या डोक्यावर ‘टु बी सोल्ड’, ‘टु बी लेट’ असं कर्त्याशिवाय येतं. विकणे आहे, भाड्याने देणे आहे. मराठी जाहिरातीतलं ‘आहे’ आणि हे ‘बी’ एकाच कामाचे. इथे ‘लेट’ला कधी दोन ‘टी’ असतात, ती चूक नव्हे.

‘इफ इट बी ट्रू’ आणि खबरीचं वजन

‘इफ इट बी ट्रू’, ‘इफ द रिपोर्ट बी करेक्ट’ यात ‘इज’च्या जागी ‘बी’ आहे, कारण लेखक ती खबर आपल्या अंगावर घेत नाही. ‘इट वेअर टु बी विश्ड’ म्हणजे असं व्हायला हवं होतं, पण नाही. तुमच्या टिपणात अशा बातमीपुढे प्रश्नचिन्ह टाका.

बातमी ज्या शब्दांनी उघडते त्यावरूनही तिचं वजन कळतं. ‘इट इज सेड’ ही वदंता. ‘वी आर इन्फॉर्म्ड’ म्हणजे कोणीतरी येऊन सांगितलं. ‘वी आर क्रेडिबली इन्फॉर्म्ड’ म्हणजे सांगणाऱ्यावर संपादकाचा विश्वास आहे. ‘नोटिस इज हिअरबाय गिव्हन’ ही जाहीर सूचना. तिच्याखाली नाव, हुद्दा आणि तारीख असते, आणि पुराव्यात तिचा मान सगळ्यांत वरचा. सांगणाऱ्याचं नाव झाकायला कर्मणी रूप सोयीचं होतं. गव्हर्नर-जनरल वेलस्लीनं १७९९ला कलकत्त्याच्या पत्रांवर छापण्यापूर्वी तपासणीचं बंधन घातलं, आणि हिंदुस्थानातली छापखान्यांवरची बंधनं हंगामी गव्हर्नर-जनरल मेटकाफनं १८३५ला उठवली. मधल्या काळातली पत्रं वाचताना संपादक ‘इट इज सेड’च्या आड का उभा राहतो ते ध्यानात ठेवावं.

एकवचन-अनेकवचनावर फार अडू नका. ‘द गव्हर्न्मेंट आर’, ‘द कौन्सिल आर’ हे चालत असे. अठराव्या शतकात ‘यू वॉज’ही दिसतं. तारांच्या काळात शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ‘इज’ गाळलं जाई. ‘रेजिमेंट ऑर्डर्ड पूना’ असं आलं तर पलटणीला पुण्याला जायचा हुकूम झाला आहे, पलटणीनं कोणाला हुकूम केलेला नाही.

शोधताना

छापील अंक आणि मायक्रोफिल्मसाठी मुंबईत टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे. सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह आहे. बाहेरच्यांपैकी ऑस्ट्रेलियाचा ‘ट्रोव्ह’ आणि अमेरिकेचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ फुकट आहेत. ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ला वर्गणी पडते. ‘लंडन गॅझेट’चे १६६५पासूनचे अंक फुकट बघता येतात.

यंत्राकडून, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखणाऱ्या संगणकाकडून, शोधून घेताना एक गोष्ट आधी समजून घ्या. साधारण १८००पर्यंत इंग्रजी ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब छापत. ते थेट ‘एफ’सारखं दिसतं. फरक एवढाच की ‘एफ’ची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब ‘एस’ला डावीकडे नुसता टोकदार कोंब असतो, कधी तोही नसतो. यंत्राला हा फरक कळत नाही. त्यामुळे ‘सेल्ड’चं ‘फेल्ड’ होतं, ‘सोल्ड’चं ‘फोल्ड’, ‘सेड’चं ‘फेड’. निघून गेलेली जहाजं शोधायची तर ‘इज सेल्ड’बरोबर ‘इज फेल्ड’ही टाका, नाहीतर निम्मी सापडणार नाहीत. उलट, यंत्रानं दिलेल्या मजकुरात जहाज ‘फेल’ झालं असं दिसलं तर पानाचं चित्र उघडून डोळ्यांनी खात्री करा. आपल्या फायद्याची गोष्ट अशी की शब्दाच्या शेवटी ‘एस’ नेहमी आखूडच असे. म्हणून इज, वॉज, हॅज ही तिन्ही रूपं या फेऱ्यातून सहीसलामत सुटतात आणि शोधायला पक्का आधार देतात.

अठराव्या शतकात शेवटच्या ‘इडी’मधला ‘ई’ गाळून अपॉस्ट्रॉफी घालत, तेही रूप टाकून बघा. ओळ तुटते तिथे ‘बिल्ड’ आणि ‘इंग’ वेगळे पडतात, म्हणून नुसत्या ‘नाउ बिल्ड’वरही एक शोध मारा.

इंग्रजीचा अर्थ पडताळून बघायला मराठी वाचकाला एक चांगली सोय आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला निघालं. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापत. एखादं इंग्रजी क्रियापद खटकलं की शेजारचा स्तंभ बघा. त्या काळातला मराठी माणूस त्याच क्रियापदाकडे कसा बघत होता, ते तिथे दिसतं.

एक वाक्य सोडवून

समजा २५ मे १८११च्या मुंबईच्या अंकात असं आहे: ‘लेटर्स फ्रॉम बसोरा ऑफ द ट्वेन्टिएथ अल्टिमो स्टेट दॅट द क्रूझर इज सेल्ड फॉर धिस पोर्ट, अँड दॅट अ ब्रिग, विच वॉज बिल्डिंग देअर, वॉज टु बी लाँच्ट ऑन द सेकंड इन्स्टंट.’

आधी तारखा. ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची, ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची. मोजायचं अंकाच्या तारखेपासून. पत्र २० एप्रिलचं, बसऱ्याहून. ‘इज सेल्ड’: २० एप्रिलपर्यंत क्रूझर, म्हणजे गस्तीचं लढाऊ जहाज, तिथून निघालेली आहे. नेमकी कधी, ते वाक्यात नाही, आणि ‘धिस पोर्ट’ म्हणजे मुंबई. ती मुंबईला आली असं वाक्य म्हणत नाही. त्यासाठी मेच्या अंकांतली जहाजांची आवक बघायची. ‘वॉज बिल्डिंग’: ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, २० एप्रिलला बांधली जात होती. ‘वॉज टु बी लाँच्ट’: २ मे ही ठरलेली तारीख. पत्र त्याआधी बारा दिवस लिहिलेलं, म्हणून ब्रिग उतरली की नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असणं शक्य नाही.

वहीत सहा रकाने पाडा: अंकाची तारीख, कप्पा, मूळ शब्द जसेच्या तसे, ‘इज’च्या पुढचं रूप, मराठी अर्थ, आणि घटनेची तारीख. शेवटच्या रकान्यात वरच्या वाक्यासाठी तीन नोंदी होतील: ‘२० एप्रिल १८११ किंवा त्याआधी’, ‘२० एप्रिल १८११ला चालू’, आणि ‘२ मे १८११, ठरलेली, पुढचा अंक बघणे’. पहिल्या नोंदीतलं ‘किंवा त्याआधी’ आणि शेवटच्या नोंदीतलं ‘ठरलेली’ हे शब्द वही नीट उतरवतानाही गाळू नका.